थ्रिलरचे ट्रेलर बनवणाऱ्यांना खुलं पत्र: फसवा, पण सिनेमासाठी फसवा

ट्रेलर कापणारे संकलक, तो कसा कापायचा हे ठरवणारे मार्केटिंग विभाग आणि त्यावर शेवटची मान्यता देणारे निर्माते-वितरक यांना,

सप्रेम नमस्कार.

विनोदी सिनेमातला विनोद आधी ऐकलेला असला तरी पडद्यावर पुन्हा हसू येतं. गाणं तर ओळखीचं असलं की जास्तच रंगतं. रहस्य मात्र प्रेक्षकासमोर एकदाच उलगडतं, आणि तो क्षण थिएटरात यायच्या ऐवजी मोबाइलवर, दोन मिनिटांच्या जाहिरातीत येऊन गेला तर कायमचा गेला. नंतर तोच सिनेमा दहा वेळा बघता येतो, त्यातली कारागिरी पुन्हा पुन्हा कळत जाते, पण ती पहिली वेळ कोणी परत देऊ शकत नाही. आम्ही थ्रिलरवेडे लोक तुम्हाला हे पत्र लिहितोय ते त्या पहिल्या वेळेसाठी.

नवा थ्रिलर जाहीर झाला की आमच्यात महिनोन्महिने गप्पा चालतात. दिग्दर्शकाने याआधी काय केलंय, पटकथा कोणाची आहे, पोस्टरवर मागे धूसर उभी असलेली व्यक्ती कोण, प्रदर्शनाची तारीख पुढे का ढकलली. टीझर आला की एकेक फ्रेम थांबवून पाहिली जाते. आरशात कोणाचं प्रतिबिंब आहे, घड्याळात किती वाजलेत, दोन दृश्यांत एकाच माणसाचा शर्ट वेगळा का, यावर रात्र रात्र वाद होतात. ही वाट पाहणंसुद्धा सिनेमाच्या आनंदाचाच भाग आहे. आणि मग पूर्ण ट्रेलर येतो, तेव्हा यातलेच कितीतरी जण सांगून टाकतात, 'मी बघणार नाही, आणि त्यात काय आहे ते मला सांगूही नका.' दुसरा सिनेमा बघायला गेल्यावर मध्येच तो ट्रेलर लागला तर खाली मान घालून कानात बोटं घालणारे लोक आमच्यात आहेत. ज्याला तुमचा सिनेमा सगळ्यात जास्त बघायचा आहे तोच तुमच्या जाहिरातीपासून पळतो. या एका गोष्टीचा तुम्ही शांतपणे विचार करावा, अशी विनंती आहे.

पळण्याची कारणं दोन आहेत. काही ट्रेलर सगळं सांगून टाकतात, आणि काही भलताच सिनेमा विकतात.

पहिला प्रकार जुना आहे. 1991 चा 'टर्मिनेटर 2' आठवा. त्या चित्रपटाची सुरुवात मुद्दाम अशी रचली आहे की एका मुलाच्या शोधात दोघे जण निघालेत, त्यातला एक त्याला मारायला आलाय आणि एक वाचवायला, पण कोण कशासाठी आलाय हे बराच वेळ कळू नये. दोघं मुलासमोर येतात तोपर्यंतचं प्रत्येक दृश्य हा संशय टिकवण्यासाठी घेतलेलं आहे. ट्रेलरने तो प्रश्न आधीच सोडवून दिला. त्याच मालिकेतल्या 2015 च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'च्या वेळी तर सिनेमातला सगळ्यात मोठा उलटफेर ट्रेलरमध्ये ठेवला गेला. ती दृश्यं आपण प्रेक्षकाला आधी काही कळणार नाही असं धरूनच घेतली होती, असं दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. सेटवर महिनोन्महिने एक गुपित जपत काम करायचं आणि ते गुपित दुसऱ्याच खोलीत बसून कोणीतरी दोन मिनिटांत वाटून टाकायचं, याचं त्या दिग्दर्शकाला काय वाटलं असेल याची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

2024 मध्ये हे पुन्हा दिसलं. 'अ‍ॅबिगेल'मध्ये एका मुलीचं अपहरण होतं आणि ती मुलगी नेमकी कोण आहे हे अपहरणकर्त्यांइतकंच प्रेक्षकालाही उशिरा कळावं, अशी पटकथा आहे. ट्रेलरने ते उघड सांगून टाकलं. त्यामुळे सिनेमाचा सगळा पहिला टप्पा आम्ही, पडद्यावरच्या माणसांना जे माहीत नाही ते माहीत असूनही, नुसते वाट बघत बसलो. तुम्ही म्हणाल, ते सांगितलं नसतं तर लोक आलेच नसते. ही अडचण खरी आहे, ती आम्ही उडवून लावत नाही. काही सिनेमांत गुपित हाच विकायचा मुद्दा असतो. पण त्याच वर्षीच्या 'ट्रॅप'कडे पाहा. मुलीला घेऊन गाण्याच्या कार्यक्रमाला आलेला बापच पोलिसांना हवा असलेला खुनी आहे, हे ट्रेलरने पहिल्याच झटक्यात सांगितलं, आणि ते योग्यच होतं. सिनेमाही ते लवकर सांगतो. तिथून पुढे प्रश्न हा की तो बाहेर कसा पडणार. म्हणजे काय सांगितलं यापेक्षा पटकथेने ते कुठे ठेवलंय हे महत्त्वाचं. पहिल्या अंकातली गोष्ट ट्रेलरमध्ये आली तर आमची काहीही तक्रार नाही. शेवटच्या अंकातली आली तर आहे.

तुमच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी येतात, ते आम्हाला ठाऊक आहेत. एक म्हणजे प्रेक्षकालाच सगळं आधी कळायला हवं असतं. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी हे मोकळेपणाने मांडलेलं आहे. त्यांच्या 2000 सालच्या 'कास्ट अवे'चा ट्रेलर निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाचं पुढे काय होतं तेही दाखवतो, आणि लोकांना आपण काय बघायला जातोय हे नेमकं माहीत असलेलं आवडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरा युक्तिवाद अभ्यासाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. हा निष्कर्ष तेव्हापासून आमच्या तोंडावर फेकला जातो. पण चार वर्षांनी, 2015 मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासात उलट चित्र आलं: शेवट आधी कळल्याने कथेची पकड आणि आनंद कमी झाला. तेव्हा विज्ञानाने निकाल दिलाय असं निदान म्हणू नका. शिवाय प्रयोगात हातात दिलेली लघुकथा वेगळी आणि ज्याची वर्षभर वाट पाहिली, ज्यासाठी मित्रांना गोळा केलं, काळोखात अनोळखी माणसांसोबत श्वास रोखून बसायचं ठरवलं, तो सिनेमा वेगळा. आणि ज्याला सगळं आधी हवं असतं त्याला शोधायला दहा जागा आहेत. ज्याला नको असतं त्याला लपायला जागा राहिलेली नाही. यूट्यूबवर ट्रेलर सुरू व्हायच्या आधी त्याच ट्रेलरमधले सगळ्यात धक्कादायक तुकडे पाच सेकंदांत दाखवले जातात. 'नको' म्हणायलाही तेवढा वेळ मिळत नाही.

थिएटर चालवणाऱ्यांनाही हे कधीतरी जाणवलंय. अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने जानेवारी 2014 मध्ये वितरकांना सुचवलं होतं की ट्रेलर दोन मिनिटांच्या वर नसावा. तोवर अडीच मिनिटांचे ट्रेलर सर्रास चालत होते आणि ते फार लांब असतात, फार सांगतात ही प्रेक्षकांची तक्रार त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. ती सूचना ऐच्छिक होती. अर्धं मिनिट कमी झाल्याने प्रश्न सुटत नाही हेही खरंच. दीड मिनिटातही खुनी दाखवता येतो.

आता दुसरा प्रकार, ज्याने आमचं जास्त नुकसान केलंय. आमचं, आणि चांगल्या सिनेमांचंसुद्धा.

ट्रेलरच्या टेबलावर काय करता येतं ते थोडंफार आम्हालाही कळतं. एका दृश्यातला प्रश्न घ्यायचा, दुसऱ्याच दृश्यातलं उत्तर त्याला जोडायचं, आणि मूळ सिनेमात कधीच न झालेला संवाद तयार होतो. कोणी नुसतं दाराकडे बघत असेल तर त्यावर धाडकन आवाज टाकायचा, की दारामागे काहीतरी आहे असं वाटतं. दिग्दर्शकाने जिथे शांतता ठेवली तिथे ढोल येतात. जुनं लाडकं गाणं संथ करून, एकट्या बाईच्या किंवा लहान मुलीच्या आवाजात वाजवलं की झाला थ्रिलर. सिनेमातलं एकही चित्र न बदलता त्याची जात बदलता येते. हे कौशल्य आहे, आम्ही त्याचा मान ठेवतो. ट्रेलरसाठी स्वतंत्र पुरस्कार दिले जातात ते उगाच नाही. पण हेच कौशल्य सिनेमाच्या विरोधात वापरलं की काय होतं?

2017 चा 'इट कम्स अ‍ॅट नाइट' घ्या. जीवघेणी साथ पसरलेली, जंगलातल्या एका घरात दोन कुटुंबं, आणि एकमेकांवरचा विश्वास हळूहळू कसा कुजत जातो याची ती गोष्ट. अतिशय गंभीर, जड, मन पिळवटणारा सिनेमा. ट्रेलरने विकलं काय? रात्री बाहेर काहीतरी फिरतंय, लाल दार उघडू नका, ते येतंय. लोक 'ते' बघायला गेले. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना श्रेणी द्यायला सांगते. या सिनेमाला प्रेक्षकांनी 'डी', म्हणजे अगदी खालची श्रेणी दिली. समीक्षकांनी ज्याची वाखाणणी केली त्याच सिनेमाला. ती 'डी' दिग्दर्शकाच्या नावावर कायमची चिकटली. खरं तर ती ट्रेलरला मिळालेली श्रेणी आहे असं मी मानतो. तो सिनेमा ज्यांना आवडला असता ते राक्षसाचा सिनेमा समजून गेलेच नाहीत, आणि जे गेले ते रागावून बाहेर पडले. दोन्हीकडून मार.

'ड्राइव्ह'चंही थोडंफार हेच झालं. 2011 मध्ये कान महोत्सवात निकोलस विंडिंग रेफन यांना याच चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. कमी बोलणारा, लांब थांबणारा, मध्येच अचानक हिंसक होणारा सिनेमा. ट्रेलर बघून गाड्यांच्या शर्यतींचा धडाका अपेक्षित धरून गेलेल्या मिशिगनमधल्या एका प्रेक्षक महिलेने थेट वितरकावर दावा ठोकला. न्यायालयाने तो फेटाळला, आणि फेटाळला ते बरंच झालं असं मला वाटतं, कारण सिनेमात गाड्या पुरेशा आहेत का हे न्यायाधीशाने मोजायचं नसतं. पण तिकीट काढताना तिच्या मनात जो सिनेमा होता तो तिच्या मनात कोणी भरला, हा प्रश्न दावा फेटाळला म्हणून संपत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन निकाल तुम्हाला माहीत असतीलच. अमेरिकेत 'यस्टरडे' या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये अभिनेत्री आना दे आर्मास दिसते. अंतिम सिनेमातून तिची भूमिका कापलेली होती. तिच्यासाठी पैसे भरून सिनेमा भाड्याने घेतलेल्या दोघांनी दावा केला. ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती आहे, तिला अभिव्यक्तीचं संरक्षण हवं, असं स्टुडिओचं म्हणणं होतं. डिसेंबर 2022 मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केलं नाही. ट्रेलर ही सिनेमा विकण्यासाठीची जाहिरात आहे, असं त्यांनी म्हटलं. मात्र त्यांनी मर्यादा नेमकी आखली: एखादी अभिनेत्री किंवा एखादं दृश्य सिनेमात आहे की नाही, एवढ्यापुरताच हा प्रश्न.

भारतात याच्या उलट झालं. 2016 च्या 'फॅन'च्या प्रोमोमध्ये वाजणारं गाणं सिनेमात नव्हतं, म्हणून एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचात तक्रार केली. राज्य आणि राष्ट्रीय आयोगांनी तिच्या बाजूने कौल दिला. 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रोमो म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे, त्यातलं गाणं, संवाद किंवा दृश्य हे केवळ सिनेमाची चर्चा व्हावी म्हणूनही असू शकतं, आणि कलेशी निगडित सेवेत निर्मात्याला स्वातंत्र्य असतं, असा तो निकाल आहे.

आम्ही कोर्टात जाणार नाही. ट्रेलरमधलं प्रत्येक दृश्य सिनेमात असलंच पाहिजे अशी आमची मागणीही नाही. ट्रेलर कापला जातो तेव्हा सिनेमाचं संकलन पूर्ण झालेलं नसतं, दृश्यं नंतर गळतात, काही पुन्हा चित्रित होतात, हे सगळं आम्हाला समजतं. उलट मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की थ्रिलरच्या ट्रेलरने खोटं बोलायला हरकत नाही. फक्त ते खोटं सिनेमाने फेडलं पाहिजे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 1960 चं आहे. 'सायको'चा ट्रेलर सहा मिनिटांहून जास्त लांब आहे आणि त्यात जवळजवळ सिनेमा नाहीच. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः आपल्याला त्या मोटेलमधून आणि घरातून फिरवून आणतात. इथे असं झालं, तिथे जिन्यावर तसं झालं, असं म्हणत अर्धी वाक्यं सोडून देतात. शेवटी न्हाणीघरात जाऊन पडदा बाजूला करतात आणि एक स्त्री किंचाळते. ती स्त्री, सिनेमातल्या त्या दृश्यात असलेली जॅनेट ली नाहीच. विग घातलेली व्हेरा माइल्स, त्याच सिनेमातली दुसरी अभिनेत्री आहे. म्हणजे शुद्ध फसवणूक. पण त्या फसवणुकीने प्रेक्षकाचं काय गेलं? काहीच नाही. सिनेमा कसल्या जातीचा आहे ते हिचकॉकनी खरं सांगितलं: इथे काहीतरी भयंकर घडलंय आणि ते जवळून बघण्याची तुमची हिंमत आहे का बघा. लपवलं ते फक्त कोणाच्या बाबतीत, केव्हा आणि का. सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही हा त्यांचा दंडकही त्याच काळजीतून आला होता.

आणि हे आजही चालतं. जुलै 2024 मध्ये आलेल्या 'लाँगलेग्ज'मध्ये निकोलस केज खलनायक आहे. एवढा मोठा नट हाताशी असताना वितरकांनी ट्रेलरमध्ये त्याचा चेहरा दाखवलाच नाही. त्याऐवजी काय केलं, तर त्या रूपात केजला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अभिनेत्री मायका मनरोच्या हृदयाचे ठोके नोंदवलेले होते, ते प्रचारात ऐकवले, मिनिटाला 170. चेहरा झाकलेला, ठोके मात्र खरे. आमच्या गटात त्या एका व्हिडिओवर जितकं बोलणं झालं तितकं कित्येक पूर्ण ट्रेलरवर होत नाही. छोट्या खर्चाचा तो सिनेमा त्याच्या वितरकाचा अमेरिकेतला तोवरचा सर्वांत जास्त कमाईचा सिनेमा ठरला. गुपित राखलं तर लोक येत नाहीत, हे तुमच्या बैठकांमध्ये पुन्हा कोणी म्हणालं तर कृपया त्यांना हे दाखवा.

दोन्हींतला फरक तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला कळतो. थिएटरातून बाहेर पडताना प्रेक्षक म्हणतो, 'अरे, ट्रेलरमध्ये आपल्याला कसं गुंडाळलं बघ,' आणि घरी जाऊन तोच ट्रेलर पुन्हा आनंदाने बघतो. ती एक फसवणूक. आणि बाहेर पडताना तो म्हणतो, 'यात ते कुठे होतं?' ती दुसरी. पहिलीसाठी आम्ही दरवेळी तयार आहोत. आतुर आहोत, असंच म्हणतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती तातडीची आहे. येणाऱ्या सिनेमांच्या नावाने आता एआयने बनवलेले बनावट ट्रेलर फिरतात. जुन्या सिनेमांतले तुकडे, नटांचे कृत्रिम चेहरे, खरी वाटणारी तारीख. लाखो लोक ते खरे समजून बघतात, त्यावर आशा बांधतात. मार्च 2025 मध्ये यूट्यूबने अशा दोन मोठ्या चॅनेलचं जाहिरातीचं उत्पन्न बंद केलं, पण त्याआधी बातमी आली होती ती जास्त दुखावणारी होती: काही स्टुडिओ हे बनावट ट्रेलर काढून टाकायला सांगण्याऐवजी त्यांच्या उत्पन्नातला वाटा घेत होते. असं करू नका. खरा ट्रेलर कोणता हे सांगणारे फक्त तुम्हीच आहात. तुम्हीच खोट्यातून कमाई करायला लागलात तर आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. थ्रिलरच्या ट्रेलरमध्ये शक्यतो सिनेमाच्या पहिल्या तासातलीच दृश्यं वापरा. मंद सिनेमाला वेगवान भासवू नका. मंद थ्रिलर आवडणारे आम्ही भरपूर आहोत, आम्हाला हाक मारून तर बघा. ट्रेलरआधीचे ते पाच सेकंद काढून टाका. टीझरवर समाधानी असलेल्यांना सिनेमा लागेपर्यंत नवी दृश्यं जबरदस्तीने दाखवू नका, आणि पोस्टरवर 'शेवटची वीस मिनिटं चुकवू नका' असलं काही छापू नका, कारण मग आम्ही सगळा वेळ त्या वीस मिनिटांकडेच डोळे लावून बसतो.

आणि सगळ्यात आधी करता येईल असं एक. ट्रेलर बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशी तो दिग्दर्शक आणि पटकथाकाराला बसवून दाखवा. 'यातलं काय काढू?' एवढंच विचारा. त्यांनी ज्या दृश्यावर बोट ठेवलं ते काढा, मग ते चाचणी प्रेक्षकांना कितीही आवडलेलं असो. तसं करून बाहेर आलेला पहिला ट्रेलर आम्ही कानात बोटं न घालता बघू, आणि ज्या ज्या मित्राला सिनेमा आवडतो त्याला स्वतः पाठवू.

आपला,
थ्रिलरची वाट पाहणारा एक प्रेक्षक